टाकी पूर्ण भरली की मागच्या चाकाशी पेट्रोलचा वास: जुन्या गाडीच्या फिलर पाइपाची दुरुस्ती

खाडीकाठ, ऐरोली | ७ जून, रात्री ९.४०

सर्वांना नमस्कार. माझ्याकडे २००४ सालची, पेट्रोलवर चालणारी छोटी गाडी आहे. ती मुळात वडिलांची. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर रीतसर तपासणी करून आणि पर्यावरण कर भरून तिची नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी दोनदा वाढवून घेतली आहे. इंजिन अजून उत्तम चालते, त्यामुळे गाडी काढून टाकण्याचा विचार नाही. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण एकवीस पावसाळे खाडीच्या वाऱ्यावर काढलेल्या गाडीत जे झाले आहे त्याचा दोष कंपनीला देणे बरोबर होणार नाही.

अडचण अशी आहे की गेला महिनाभर टाकी पूर्ण भरली की डाव्या मागच्या चाकाशी पेट्रोलचा उग्र वास येतो आणि टाकी अर्ध्याखाली आली की तो पूर्णपणे थांबतो. पंपावर पेट्रोल भरताना नोझल दर दोन-तीन लिटरला आपोआप बंद पडते. जमिनीवर थेंब दिसत नाहीत, परंतु टायरच्या आतल्या बाजूला एक ओलसर काळा पट्टा दिसतो. गाडी इमारतीखालच्या पार्किंगमध्ये असते आणि संध्याकाळी तिथे मुले खेळतात. शेजारच्या काकूंनी वासाबद्दल विचारल्यापासून मी गाडी बाहेर रस्त्यावर लावतो आहे.

दोन गॅरेजमध्ये दाखवले. पहिल्या ठिकाणी झाकणाचे वायसर गेले आहे असे सांगून नवे झाकण बसवून दिले, पण फरक पडला नाही. दुसऱ्या ठिकाणी मिस्त्रींनी चाकावरून हात आत घालून पाहिले आणि सांगितले की फिलर पाइप (झाकणापासून टाकीपर्यंत पेट्रोल नेणारा पाइप) गंजून त्याला भोक पडले आहे, गाडीवरच ब्रेझिंग करून देतो, म्हणजे ज्योतीने पितळ वितळवून भोक बुजवतो, अर्ध्या तासाचे काम आहे. मला ते पटले नाही, पण का पटले नाही हे त्यांना नीट सांगता आले नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

दहा नंबर पाना, ठाणे | ७ जून, रात्री १०.३०

गाडी बाहेर लावलीत हे फार चांगले केलेत. आता एवढेच पाळा की तो पाइप गाडीवर असेपर्यंत त्याच्या जवळ ज्योत, ग्राइंडर किंवा वेल्डिंगची कांडी कोणालाही आणू देऊ नका.

तुम्हाला जे सांगता आले नाही ते असे आहे. पेट्रोल उणे ४० अंश सेल्सियसच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडते, म्हणजे आपल्याकडच्या हवेत ते सतत वाफ सोडतच असते. हवेत या वाफेचे प्रमाण साधारण १.४ ते ७.६ टक्क्यांच्या दरम्यान असले की एक ठिणगी पुरते. त्याहून कमी किंवा जास्त असेल तर ती पेटत नाही. यामुळेच काठोकाठ भरलेल्या टाकीपेक्षा नुकतीच रिकामी केलेली टाकी अधिक धोक्याची असते, कारण तिच्यात द्रव नसतो पण वाफ आणि हवा दोन्ही असतात. फिलर पाइप थेट त्या टाकीत उघडतो. म्हणून “टाकी रिकामी करतो आणि मग ज्योत लावतो” हे आश्वासन मुळीच पुरेसे नाही. ही वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असल्याने खाली उतरते आणि जमिनीलगत पसरत जाते. बंद पार्किंगमध्ये ती पाण्याच्या पंपाच्या खोलीपर्यंत पोहोचू शकते आणि तिथली मोटर आपोआप चालू होत असते, हेही लक्षात घ्या.

आता दोषाबद्दल. टाकीलाच भोक असते तर अर्ध्या टाकीलाही वास आला असता. फक्त पूर्ण भरल्यावर वास येतो याचा अर्थ गळती टाकीच्या वर आहे: पाइपात, पाइप आणि टाकी जोडणाऱ्या रबरी नळीत, किंवा टाकीतली वाफ ती शोषून ठेवणाऱ्या कोळशाच्या डब्याकडे नेणाऱ्या बारीक नळीत. नोझल बंद पडणे ही वेगळी पण त्याच जागेची खूण आहे. मुख्य पाइपाला समांतर एक बारीक नळी जाते. पेट्रोल खाली उतरताना टाकीतील हवा त्या नळीने वर येते. ती नळी दबली किंवा चोंदली की हवा मुख्य पाइपातूनच उलटी येते आणि पेट्रोलला वर ढकलते. नोझलच्या टोकाला एक लहान छिद्र असते, ते पेट्रोलने झाकले गेले की आतील झडप नळ बंद करते. तुमच्या गाडीत टाकी रिकामी असतानाही तेच होते आहे.

एक विनंती. पंपावर “राउंड फिगर करू का” असे विचारले तर नाही म्हणा. तुमच्यासारख्या गाडीत पाइपाचा आतला व्यास ३८ मिलिमीटर आणि लांबी ६० सेंटिमीटर धरली, तर त्यात सुमारे पाऊण लिटर पेट्रोल मावते. नोझल आपोआप थांबल्यानंतर वरून घातलेले पेट्रोल आधी या पाइपात उभे राहते. पाइपाला भोक असेल तर तेवढे पेट्रोल हळूहळू चाकावर झिरपणार. पाइप चांगला असला तरी ते कोळशाच्या डब्यात जाऊन तो डबा निकामी करते.

स्टेपनीताई, कासारवडवली | ८ जून, सकाळी ८.१५

माझा अनुभव लिहिते, कारण आपल्या भागातील बऱ्याच जुन्या गाड्या सीएनजीवर चालतात आणि त्यांच्या मालकांना हा दोष कळतच नाही. माझी गाडी आठ वर्षे सीएनजीवर होती. सकाळी सुरू करण्यापुरते चार-पाच लिटर पेट्रोल टाकीत असायचे. नाशिकला जायचे म्हणून एकदा टाकी पूर्ण भरली आणि कसारा घाट चढताना मागून वास येऊ लागला. आम्हाला वाटले की गॅसच गळतो आहे. गाडी बाजूला घेऊन सगळे खाली उतरलो, तेव्हा मागच्या चाकाजवळ पेट्रोलची ओल दिसली. वर्षानुवर्षे पाइप रिकामा राहिल्यामुळे भोक कधी पडले ते कोणालाच समजले नव्हते.

त्या वेळी एका गॅरेजमध्ये त्यावर पुटी लावून दिली. हिवाळा आणि उन्हाळा गेला. पहिल्या पावसात ती पुटी खारीच्या तुकड्यासारखी निघून हातात आली आणि तिच्या आतल्या बाजूला गंजाचा पूर्ण थर चिकटलेला होता. पुटी लोखंडाला धरत नाही, वरच्या गंजाला धरते, आणि गंज सुटला की तीही सुटते. शेवटी पाइप बदलला. सीएनजी सिलिंडरची तीन वर्षांची चाचणी असते त्या वेळी गाडी मागून उघडलेलीच असते, तेव्हा फिलर पाइपही पाहून घ्यावा, असे मी आता सर्वांना सांगते.

वागळे रोड नंबर १६ | ८ जून, दुपारी १.०५

ताईंच्या म्हणण्याशी सहमत आहे, पण पुटीबद्दल थोडी वेगळी बाजू मांडतो. पाइप गाडीवरून काढून, धुऊन, वाळवून, तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासला, भोक एकच आणि टाचणीएवढे असले, आणि पेट्रोल सहन करणारे इपॉक्सी वापरले, तर ते टिकते. माझ्या गाडीवर ते दोन वर्षे टिकले आहे. मात्र एवढे सगळे करायचे म्हणजे पाइप काढावाच लागतो, आणि पाइप काढला की नवीन बसवणे त्याच कष्टात होते. नवा मिळत नसेल तेव्हाच मी हा मार्ग घेईन.

खाडीकाठ, ऐरोली | १५ जून, सायंकाळी ६.५०

आज पाइप बाहेर काढला. आमच्या सेक्टरमधील ओळखीचे एक मिस्त्री ज्योत न वापरता काम करायला तयार झाले. पूर्ण दिवस गेला, त्यामुळे सविस्तर लिहितो.

आठवडाभर गाडी चालवून टाकी पावच्या खाली आणली होती. गाडी मोकळ्या मैदानात नेली, बॅटरीची ऋण तार काढली, सोसायटीकडून कोरड्या पावडरचे अग्निशमन नळकांडे मागून घेतले आणि गाडी जॅकवर न ठेवता मजबूत लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर) ठेवली. झाकण उघडून ठेवले आणि मिस्त्रींनी अर्धा तास काहीही न करता नुसते थांबायला सांगितले. त्यांचे हे थांबणे मला फार आवडले.

चाक काढल्यावर कमानीतले प्लास्टिकचे अस्तर दिसते. त्याच्या सात क्लिपांपैकी चार तुटल्या. अस्तर बाजूला केले आणि मागून जी माती पडली ती दीड घमेले भरली. पाऊस दोन दिवस नव्हता, तरी ती माती आतून ओलीच होती. हाताने दाबली तर मुठीत गोळा होत होता. तिच्यात कुजलेली पाने आणि खडीचे बारीक तुकडे होते. अस्तराच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी जी फट असते ती पूर्ण बुजली होती, म्हणजे ठाणे-बेलापूर रस्त्यावर चाकाने उडवलेला प्रत्येक पावसाळ्याचा चिखल तिथे साठत गेला होता. खाडीकाठच्या हवेतला खारटपणा त्यात मुरला असणारच. पाइप त्या मातीत जिथे टेकला होता तेवढाच भाग सडला आहे. वरची वीतभर लांबी अजूनही कारखान्यातून आल्यासारखी पिवळसर चमकते आहे, हे पाहून मला खरोखर वाईट वाटले. वर्षातून एकदा ते अस्तर काढून पाण्याचा फवारा मारला असता तर हा पाइप गाडीपेक्षा जास्त जगला असता.

पाइपाच्या तोंडाशी तीन स्क्रू होते, ते सहज निघाले. मधल्या पट्टीचा दहा नंबरचा बोल्ट गंजून एकजीव झाला होता. त्याला रात्रीच तेल सोडून ठेवले होते, तरी तो तुटलाच. खालच्या रबरी नळीच्या क्लिपा सैल करूनही नळी टाकीच्या तोंडावरून हलत नव्हती. मी स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायला निघालो तेव्हा मिस्त्रींनी हात धरला. नळी नवीनच घालायची आहे, ती वाचवण्याच्या नादात टाकीचे तोंड वाकले किंवा त्याच्या सांध्याला चीर गेली तर टाकी उतरवावी लागेल, असे त्यांनी समजावले. त्यांनी ब्लेडने नळीला उभा छेद दिला आणि ती सालीसारखी सोलून काढली. टाकीच्या उघड्या तोंडात लगेच रबरी बूच बसवले.

बाहेर आल्यावर पाइप आकाशाकडे धरून आतून पाहिला. वाकणाच्या खालच्या बाजूला पाच ठिकाणी उजेड दिसत होता. नखाने खरवडले तर पापुद्रे सुटत होते आणि दोन भोकांमधला पत्रा बोटाने दाबल्यावर आत गेला. हवेची बारीक नळी मातीच्या वजनाने दबून चपटी झाली होती. नोझल का बंद पडत होते त्याचा उलगडा झाला.

आता प्रश्न असा की कंपनीच्या स्पेअर काउंटरवर हा भाग लगेच उपलब्ध नाही, मागवावा लागेल. तोवर जुना पाइप कुर्ल्याहून आणावा, की रबाळे एमआयडीसीत नवा बनवून घ्यावा?

निवृत्त फोरमन, कळवा | १५ जून, रात्री ८.३०

आपल्या मिस्त्रींना माझा नमस्कार सांगा. अर्धा तास थांबणारा माणूस कामाचा असतो.

मी एका बस कार्यशाळेत अनेक वर्षे काढली. तिथे इंधनाच्या टाकीला वेल्डिंग करायचे असेल तर टाकी पूर्ण उतरवून गरम पाण्याने आणि सोड्याने धूत असू, मग बराच वेळ वाफ देत असू, आणि शेवटी जोडाच्या जागेखाली येईल इतके पाणी भरून उरलेली पोकळी कमीत कमी ठेवून मगच ज्योत लावत असू. तेही डिझेलच्या टाकीसाठी. पेट्रोलच्या गाडीवर जागेवर अर्ध्या तासात ब्रेझिंग करण्याची गोष्ट ऐकली की अंगावर काटा येतो.

बाहेर काढलेल्या पाइपाला मात्र ब्रेझिंग करता येते. तो धुऊन, दोन्ही तोंडे उघडी ठेवून एक दिवस वाऱ्यावर वाळवावा. त्याच्यावर जस्ताचा मुलामा असतो, तो तापला की पांढरा धूर निघतो आणि तो श्वासात गेला तर रात्री थंडी वाजून ताप येतो, म्हणून जोडाच्या जागेवरचा मुलामा आधी कानशीने काढावा आणि काम उघड्यावर करावे. जोड झाल्यावर, जोडताना लावलेल्या टाकणखाराचा उरलेला काचेसारखा थर गरम पाण्याने घासून काढावा, कारण तो राहिला तर तिथूनच पुन्हा गंज धरतो. पण हे सारे एका भोकासाठी. पाच भोके आणि मधला पत्रा बोटाने दबतो आहे, तर त्या पाइपाला डाग देण्यात अर्थ नाही. पितळ वितळेपर्यंत शेजारचा पत्रा जळून जाईल.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुना पाइप मिळू शकतो. आणण्याआधी त्याला पान्याने ठोकून पाहा. चांगला पाइप टणटण वाजतो आणि आतून खाल्लेला बद्द आवाज करतो. वाकणाची खालची बाजू ठोका, वरची नव्हे. आत विजेरी टाकून पाहा. पण तोही तुमच्याच गाडीच्या वयाचा असणार आणि तोही कुणाच्या तरी चाकामागच्या मातीत राहिलेला असणार, हे विसरू नका.

नवा बनवून घेण्याबद्दल थोडी काळजी घ्यावी. पाइप योग्य साच्यावर वाकवला नाही तर वाकणाच्या आतल्या बाजूला चुणी पडते आणि नोझल पुन्हा बंद पडू लागते. शिवाय मूळ पाइपाच्या तोंडात एक अरुंद गळा आणि स्प्रिंगची झडप असते. देशभर २००० साली शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले त्या काळातल्या गाड्यांत हा गळा आला. डिझेलचे जाड नोझल पेट्रोलच्या गाडीत सहसा शिरत नाही ते याच गळ्यामुळे. बनवून घेतलेल्या साध्या पाइपात हा भाग नसतो. दोन-तीन आठवडे थांबता येत असेल तर कंपनीचाच मागवा.

नवखा चालक, सानपाडा | १६ जून, सकाळी ७.२०

कृपया एक शंका दूर करावी. पाइपाला भोक असेल तर पेट्रोल बाहेर येते हे समजले. पण पावसात चाकाने उडवलेले पाणी त्याच भोकातून आत जात नसेल का? माझी जुनी गाडी गेल्या पावसाळ्यापासून सकाळी सुरू व्हायला त्रास देते आणि कधी कधी झटके खाते.

निवृत्त फोरमन, कळवा | १६ जून, सकाळी ९.४५

आपली शंका अगदी रास्त आहे. पाणी आत जाते आणि पेट्रोलपेक्षा जड असल्याने टाकीच्या तळाशी बसते, जिथून पंप इंधन ओढतो. एखाद्या फिटरकडून टाकीच्या तळातले पाव लिटर पेट्रोल स्वच्छ काचेच्या बरणीत काढून घ्या, झाकण लावून सावलीत ठेवा आणि तासाभराने पाहा. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असते. २०२२ मध्ये त्याचे प्रमाण १० टक्के झाले आणि पुढे ते २० टक्क्यांपर्यंत वाढवले गेले. इथेनॉल थोडे पाणी आपल्यात सामावून घेते, म्हणून किंचित पाणी असेल तर बरणीत काहीच वेगळे दिसत नाही. पाणी मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर खाली उतरते आणि बरणीत आडवी रेघ स्पष्ट दिसते. अशी रेघ दिसली तर बाटलीतले कुठलेही औषध टाकत बसू नका. टाकी रिकामी करून घ्या, फिल्टर बदला, आणि पाणी कुठून आले ते आधी शोधा.

दहा नंबर पाना, ठाणे | १६ जून, रात्री ९.१०

पाइप येईपर्यंत रबराचे पाहून ठेवा. नवा पाइप बसवून जुनी नळी तशीच ठेवणे ही चूक मी स्वतः केली आहे आणि सहा महिन्यांत पुन्हा सगळे उघडावे लागले.

दुकानात योग्य मापाची नळी मागितली की बहुधा रेडिएटरची नळी हातात मिळते. दिसायला ती जाड आणि मजबूत असते, पण ती पाण्यासाठी बनवलेल्या ईपीडीएम रबराची असते. पेट्रोल लागले की ते रबर फुगते, मऊ पडते आणि क्लिपेतून सुटते. निळ्या-लाल चकचकीत सिलिकॉनच्या नळ्याही इथे चालत नाहीत, कारण साध्या सिलिकॉनमधून पेट्रोलची वाफ आरपार जाते आणि पार्किंगमधला वास कायम राहतो. इंधनासाठी आतून नायट्राइल किंवा वायटन रबर असलेली नळी लागते. तिच्या अंगावर एसएई जे३० असे, म्हणजे इंधनाच्या नळ्यांच्या मानकाचे नाव, छापलेले असते. हे छापलेले नसेल तर दुकानदार काहीही म्हणाला तरी घेऊ नका. जुन्या गाड्यांच्या नळ्या आजच्या इथेनॉलच्या प्रमाणासाठी बनवलेल्या नव्हत्या, त्यामुळे पाइप ठीक असला तरी वीस वर्षांची नळी बदलणे योग्यच. नळी बोटांत पिळून पाहा. बारीक चिरा उघडल्या तर तिचे आयुष्य संपले आहे.

क्लिपा घेताना पट्टीला आरपार खाचा असलेल्या घेऊ नका. त्या खाचांच्या कडा रबर कापतात. कडा वळवलेल्या, अखंड पट्टीच्या क्लिपा थोड्या महाग असतात, पण इथे त्याच घ्याव्यात.

आणखी एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. खालची नळी रबरी असल्याने धातूचा फिलर पाइप टाकीपासून विजेच्या दृष्टीने तुटलेला असतो. तो गाडीच्या पत्र्याशी जोडला जातो तो तोंडाजवळच्या स्क्रूंमुळे किंवा वेगळ्या अर्थिंगच्या तारेमुळे. नवीन पाइपाला उत्साहाने सगळीकडे रंग फासला आणि स्क्रूखालची जागाही रंगली, तर पेट्रोल वाहताना तयार होणारी स्थिर वीज पाइपावरच साठते आणि तिला उतरायला जागा राहत नाही. स्क्रूखालचा आणि पट्टीखालचा धातू उघडा ठेवा.

खाडीकाठ, ऐरोली | ६ जुलै, रात्री ८.०५

तीन आठवड्यांनी पाइप आला आणि आज बसवला. नव्या पाइपाची किंमत मजुरीपेक्षा कमी निघाली. ब्रेझिंग करायला निघालेल्या गॅरेजने सांगितलेल्या रकमेपेक्षा एकूण खर्च जास्त झाला, पण त्याचे मला काहीच वाटत नाही.

बसवण्याआधी पाइपाच्या बाहेरच्या बाजूला झिंक प्रायमर आणि त्यावर गाडीच्या तळाला लावतात तो काळा रबरी लेप दिला. लेप देताना तोंडाजवळच्या तिन्ही स्क्रूंच्या जागा चिकटपट्टीने झाकून ठेवल्या होत्या. पाइपाचे एक तोंड बंद करून आत पाणी भरून तासभर उभा ठेवला, मग रिकामा करून रात्रभर वाळवला. टाकीच्या तोंडावरचा गंज बारीक पॉलिश पेपरने हातानेच घासला. मशीन लावू दिली नाही.

बसवण्याच्या क्रमाबद्दल मिस्त्रींचा आग्रह होता. आधी खालची नळी साबणाच्या पाण्याने ओलसर करून टाकीवर चढवली, मग पाइप तिच्यात सरकवला, मग हवेची बारीक नळी, मग मधली पट्टी आणि तोंडाचे स्क्रू सैलसर लावले. सगळे आपापल्या जागी नीट बसले आहे, कुठे ताण नाही, हे पाहिल्यावर शेवटी क्लिपा आवळल्या. तोंडाचे स्क्रू आधी घट्ट केले असते तर नळी तिरपी राहिली असती, आणि तिरप्या नळीवर क्लिप कितीही आवळली तरी एका बाजूने झिरपतेच.

नंतर पंपावर आधी पाच लिटर भरले आणि दिव्याखाली सगळे सांधे बोट फिरवून पाहिले. मग टाकी पूर्ण भरली. नोझल एकदाच, शेवटी थांबले. “राउंड फिगर” नको म्हटले. गाडी डावी बाजू उताराकडे येईल अशी उभी केली आणि दोन्ही क्लिपांभोवती वर्तमानपत्राचा कागद गुंडाळून रात्रभर ठेवणार आहे.

स्टेपनीताई, कासारवडवली | ७ जुलै, सकाळी ७.३०

कागदाचे काय झाले ते अवश्य कळवा. आणि अस्तराची पाणी जाण्याची फट मोकळी केलीत ना?

खाडीकाठ, ऐरोली | ७ जुलै, सकाळी ८.१०

कागद कोरडा निघाला. फट मोकळी केली आहे, आणि तुटलेल्या क्लिपांच्या जागी नव्या लावल्या आहेत, कारण अस्तर सैल राहिले तर चिखल पुन्हा वरून आत येणार. दसऱ्याला गाडी धुतो तेव्हा अस्तर काढून आतून फवारा मारायचा, असे ठरवले आहे.

नवखा चालक, सानपाडा | १३ जुलै, दुपारी १२.२०

फोरमन काकांनी सांगितल्याप्रमाणे बरणीची परीक्षा केली. तळाशी दोन बोटे उंचीचा गढूळ थर आणि वर स्वच्छ पेट्रोल, मध्ये सरळ रेघ. आज अस्तर काढले तर माझ्याही गाडीत मातीच माती निघाली. वाकणापाशी पाइप हाताला खरबरीत लागतो आणि एके ठिकाणी बोट ओले होते. गाडी उघड्यावर उभी करून ठेवली आहे आणि टाकी रिकामी करण्यासाठी उद्या मिस्त्री येत आहेत. ज्योत किंवा ग्राइंडर आणणार नाहीत, असे त्यांच्याकडून आधीच कबूल करून घेतले आहे.

खाडीकाठ, ऐरोली | २० जुलै, रात्री ९.००

दोन आठवडे सलग पाऊस झाला. पटनी मैदानाजवळच्या रस्त्यावर साचलेल्या पाण्यातून गाडी रोज नेली. काल टाकी पुन्हा पूर्ण भरली आणि आज तळातले पाव लिटर बरणीत काढून तासभर ठेवले. रेघ नाही, गढूळपणा नाही. गाडी आजपासून पुन्हा इमारतीखाली लावली आहे. लावण्याआधी काकूंना खाली बोलावून चाकाजवळ उभे केले आणि वास येतो का ते विचारले. त्यांनी नाही म्हटल्यावरच गाडी आत घेतली.